भुकेल्या पेशीचा निर्णय

प्रास्ताविक

अन्न मिळाले नाही तर सजीव मरतो, ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. मात्र ज्या सूक्ष्म पेशींपासून शरीर घडते, त्या पेशी उपासमारीच्या काळात नेमके काय करतात, हे शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू उमगत गेले. भुकेली पेशी केवळ शक्तिहीन होऊन कोसळत नाही. ती टंचाईची खबर घेते, काटकसर करते, स्वतःचेच जुने साहित्य मोडून खाते आणि काहीच उपाय उरला नाही तर ठरलेल्या क्रमाने स्वतःचा शेवट घडवून आणते. या सर्व व्यवहारात 'अमिनो आम्ले' नावाचे लहान रेणू निरोप्याचे काम करतात. या ज्ञानातूनच बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील एका महत्त्वाच्या औषधाचे कार्य उलगडले. प्रस्तुत पाठात ही हकिकत सांगितली आहे.

भट्टी आणि भंगार

चेन्नई शहराच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. चेन्नईहून तेथपर्यंत उपनगरी रेल्वेगाडी जाते. तमिळनाडू शासनाच्या सिपकॉट या संस्थेने येथे मोठी औद्योगिक वसाहत वसवली. निरनिराळ्या राज्यांतून आलेले कामगार येथे काम करतात. लोखंडाचे भंगार विजेच्या भट्टीत वितळवून त्यापासून पोलाद करणारे कारखाने हे या वसाहतीचे एक वैशिष्ट्य आहे.

अशा एखाद्या कारखान्यात भंगाराची आवक थांबली, तर काय होईल? जाणता व्यवस्थापक भट्टी पूर्ण रिकामी होण्याची वाट पाहत बसत नाही. कोठारातील साठा घटू लागताच तो नव्या मागण्या घेणे थांबवतो. मग आवारात पडलेले सदोष तुकडे आणि कापलेल्या सळ्यांची टोके गोळा करून तीच पुन्हा वितळवतो. तेही संपले, तर भट्टीतील रस पूर्णपणे बाहेर काढून घेतो आणि मगच भट्टी बंद करतो. ही शिस्त महत्त्वाची असते. रस आत असतानाच वीज तुटली, तर धातू भट्टीतच थिजतो आणि भट्टी निकामी होण्याची वेळ येते.

जिवंत पेशी म्हणजे कारखाना नव्हे. तरीही टंचाईच्या वेळी पेशी ज्या तीन पायऱ्यांनी जाते, त्या समजून घेण्यास हे उदाहरण उपयोगी पडते. पहिली पायरी काटकसरीची, दुसरी घरातील भंगार वापरण्याची आणि तिसरी शिस्तीने काम संपवण्याची.

प्रथिनांचे घटक

पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. स्नायूंचे आकुंचन, प्राणवायूची वाहतूक, अन्नाचे पचन, रोगजंतूंचा प्रतिकार ही सारी कामे निरनिराळ्या प्रथिनांमुळे होतात. माळेत मणी ओवावेत त्याप्रमाणे अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन प्रथिन तयार होते. अशा मण्यांचे मुख्य प्रकार वीस आहेत. त्यांपैकी नऊ मानवी शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती डाळी, कडधान्ये, धान्ये, दूध, अंडी, मासे यांसारख्या अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांना 'आवश्यक अमिनो आम्ले' म्हणतात. उरलेली अकरा शरीर इतर पदार्थांपासून बनवू शकते.

माळ ओवताना एकाही रंगाचा मणी कमी पडला, तर उरलेले एकोणीस प्रकार विपुल असूनही ओवणे थांबते. हॅरी ईगल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हीच परीक्षा केली. पेशींच्या पोषक द्रवातून त्याने एका वेळी एकच अमिनो आम्ल वगळून पाहिले. तेव्हा त्या पेशींना तेरा अमिनो आम्ले बाहेरून मिळालीच पाहिजेत, असे दिसून आले. त्यांतील एकही वगळले तरी पेशी थोड्याच दिवसांत मरत. शरीराला पुरेशी असणारी नऊची यादी प्रयोगशाळेतील एकाकी पेशीला अपुरी पडते. कारण शरीरात एका अवयवाची उणीव दुसरा अवयव भरून काढतो, बाटलीतील पेशीला तसा शेजार नसतो. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी वाढवण्यासाठी ईगलच्या नावाचे पोषक द्रव वापरले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्था अशा रीतीने वाढवलेल्या पेशींचे वाण जतन करतात आणि संशोधकांना पुरवतात.

ईगलच्या त्या यादीत 'ॲस्परॅजिन' नावाचे अमिनो आम्ल नव्हते. कारण बहुतेक पेशी ते स्वतःच तयार करतात. ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे जरूर आहे. पुढे तिचाच संबंध रोगी बालकांच्या जीविताशी येणार आहे.

टंचाईची खबर

कारखान्यात कोठाराची नोंदवही असते. पेशीत हे काम कोण करते? या प्रश्नाचे उत्तर एका दूरच्या बेटावरील मातीतून मिळाले. १९६४ मध्ये कॅनडाहून एक वैज्ञानिक मोहीम प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर गेली होती. तिने आणलेल्या मातीच्या नमुन्यातील सूक्ष्मजीवापासून, माँट्रियल येथील प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक नवा पदार्थ वेगळा केला. बेटाच्या 'रापा नुई' या स्थानिक नावावरून त्याला 'रापामायसिन' असे नाव मिळाले. हा पदार्थ पेशींची वाढ रोखतो. तो नेमक्या कोणत्या प्रथिनाला जाऊन अडवतो, याचा शोध घेताना १९९० नंतरच्या दशकात 'टॉर' हे प्रथिन सापडले. सस्तन प्राण्यांतील त्याच्या रूपाला 'एम-टॉर' म्हणतात.

एम-टॉर हा पेशीतील वाढीचा नियंत्रक होय. अमिनो आम्ले, विशेषतः ल्युसिन आणि आर्जिनिन, भरपूर असतील तर एम-टॉर कार्यरत राहतो आणि नवी प्रथिने करण्यास अनुमती देतो. पेशीत ल्युसिन ओळखणारे स्वतंत्र प्रथिनच असते. ल्युसिन घटले की ते एम-टॉरला लगाम घालते. मग नवी बांधकामे थांबतात. हीच काटकसरीची पहिली पायरी होय.

याखेरीज पेशीत खबर घेणारी दुसरी एक यंत्रणा आहे. प्रथिने जेथे ओवली जातात, त्या रायबोसोमपर्यंत प्रत्येक अमिनो आम्ल एका लहानशा वाहकावर बसून जाते. अमिनो आम्ल कमी पडले की त्याचे वाहक रिकामेच हिंडू लागतात. बाजारात हातगाड्या रिकाम्या उभ्या दिसल्या की माल आलेला नाही हे जसे समजते, तसे 'जीसीएन-२' नावाचे विकर हे रिकामे वाहक ओळखते आणि धोक्याची सूचना देते. त्या सूचनेमुळे प्रथिनांचे सर्वसाधारण उत्पादन मंदावते. पण त्याच वेळी 'एटीएफ-४' नावाचे एक प्रथिन मात्र अधिक प्रमाणात तयार होऊ लागते. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन, कमी पडलेली अमिनो आम्ले आत ओढून घेणारी आणि शक्य असतील ती घरीच बनवणारी जनुके कामाला लावते. ॲस्परॅजिन बनवणारे विकरही याच हाकेला ओ देते.

थोडक्यात, अमिनो आम्ले ही पेशीच्या भिंतीची वीट आहेत, तशीच ती वर्दीही आहेत. त्यांचे असणे हा 'वाढ' असा संदेश असतो, आणि त्यांचे नसणे हा 'सावध हो' असा इशारा असतो.

स्वतःलाच खाऊन जगणे

दुसरी पायरी घरातील भंगार वितळवण्याची. एम-टॉरचा लगाम आवळला गेला की पेशीत 'स्वभक्षण' सुरू होते. शास्त्रीय भाषेत याला 'ऑटोफॅजी' म्हणतात. पेशी आपल्या जुन्या प्रथिनांभोवती आणि झिजलेल्या घटकांभोवती एक पातळ पिशवी विणते. ही पिशवी लयकारिकेला जाऊन मिळते. लयकारिका म्हणजे पाचक विकरे बाळगणारी पेशीतील लहान कोठी. तेथे जुन्या प्रथिनांचे तुकडे होऊन पुन्हा सुटी अमिनो आम्ले मोकळी होतात. ती अत्यंत निकडीच्या प्रथिनांसाठी किंवा ऊर्जेसाठी वापरली जातात.

जपानमधील योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशींत ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिला चालवणारी जनुके शोधून काढली. या कार्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वभक्षणाचे महत्त्व नवजात जिवात ठळकपणे दिसते. जन्म होताच नाळ तुटते आणि दूध अंगी लागेपर्यंत काही काळ शरीराला अन्नाचा पुरवठा नसतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्वभक्षणासाठी लागणारे एक जनुक नसलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर सुमारे एका दिवसात दगावली. त्यांच्या रक्तातील अमिनो आम्लांची पातळी घटलेली आढळली. सर्वसाधारण पिल्ले मात्र स्वतःच्या पेशींतील साठ्यावर तग धरतात. म्हणून स्वभक्षण हा ऱ्हास नसून जगण्याचा मार्ग आहे.

परंतु घरातील भंगार अमर्याद नसते. टंचाई लांबली, तर पेशीसमोर तिसरी पायरी येते.

शिस्तीचा मृत्यू

पेशीचा मृत्यू दोन प्रकारे घडू शकतो. भाजणे, चिरडणे, विष किंवा रक्तपुरवठा एकाएकी तुटणे यांमुळे पेशी फुगते, तिचे आवरण फाटते आणि आतील द्रव्य भोवती सांडून तेथे दाह होतो. हा अपघाती मृत्यू होय. दुसऱ्या प्रकारात पेशी आकसते, तिचे केंद्रक तुकड्यांत विभागते, आणि ती स्वतःला आवरणात गुंडाळलेल्या लहान पुरचुंड्यांत वाटून देते. शेजारच्या पेशी त्या पुरचुंड्या गिळून टाकतात. दाह होत नाही, भोवतालचे काही बिघडत नाही. यालाच 'नियोजित पेशीमृत्यू' म्हणतात.

जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलेस्टेर करी या तीन संशोधकांनी १९७२ मध्ये या मृत्यूचे सविस्तर वर्णन करून त्याला 'ॲपॉप्टोसिस' हे नाव दिले. या ग्रीक शब्दाला झाडाची पाने गळण्याचा संदर्भ आहे. पिंपळाचे पिकले पान वादळाने ओरबाडून काढावे लागत नाही. देठाशी एक थर तयार होतो आणि पान आपोआप सुटते. नियोजित पेशीमृत्यूही तसाच असतो. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मृत्यूने नाहीशा झाल्यामुळे. बेडकाच्या पिल्लाचे शेपूट झडते तेही याच रीतीने.

हा मृत्यू जनुकांत लिहिलेला असतो, याचा पुरावा सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीने दिला. त्याच्या वाढीत १,०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ पेशी दर वेळी ठरावीक क्षणी मरतात. या मृत्यूची जनुके शोधणाऱ्या सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

भुकेल्या पेशीत हा मृत्यू कसा सुरू होतो? धोक्याची जी सूचना आधी पेशीला वाचवण्यासाठी दिली जाते, तीच फार काळ वाजत राहिली तर मृत्यूची जनुके जागी करते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांवर काही प्रथिने पहारा देत असतात. त्यांतील 'बीसीएल-२' आणि त्याची भावंडे मृत्यूला अडवून धरतात, तर त्याच कुळातील दुसरी काही प्रथिने वाट मोकळी करतात. उपासमार लांबली की दुसऱ्या गटाचे पारडे जड होते. तंतुकणिकेच्या आवरणाला छिद्रे पडतात, तिच्यातील 'सायटोक्रोम-सी' हे प्रथिन बाहेर येते आणि 'कॅस्पेज' नावाची विकरे कात्रीसारखी चालू लागतात. येथून सहसा माघार नसते.

अमिनो आम्लांचा अधिकार किती मोठा आहे, हे २०१४ मध्ये न्यूयॉर्क येथील क्रेग थॉम्पसन यांच्या गटाने दाखवले. ग्लुटामिन या अमिनो आम्लाविना ठेवलेल्या काही कर्करोग पेशी नियोजित मृत्यूने मरतात. पेशी ग्लुटामिनच्याच साहाय्याने ॲस्परॅजिन बनवते. म्हणून संशोधकांनी ग्लुटामिन न देता केवळ ॲस्परॅजिन दिले. ग्लुटामिनअभावी घटलेले इतर पदार्थ त्यामुळे भरून निघाले नव्हते. तरीही पेशींचा मृत्यू टळला. पेशीला मारत होती ती केवळ उणीव नव्हती. ॲस्परॅजिन संपल्याचा निरोपही तिला मृत्यूकडे ढकलत होता.

गिनीपिगच्या रक्तातील कोडे

ॲस्परॅजिनची कथा जुनी आहे. १८०६ मध्ये फ्रान्समधील वोक्लॅं आणि रोबिके या रसायनशास्त्रज्ञांनी ते ॲस्परॅगस या भाजीच्या रसातून वेगळे केले. ही भाजी आपल्याकडील शतावरीच्या कुळातील आहे. वेगळे करण्यात आलेले हे पहिलेच अमिनो आम्ल होते.

सुमारे दीडशे वर्षांनी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्कमधील जॉन किड यांच्या पाहण्यात एक चमत्कारिक गोष्ट आली. लसिकापेशींचा कर्करोग झालेल्या उंदरांना गिनीपिगच्या रक्तातील द्रव टोचला असता गाठी विरघळत. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्ताने तसे होत नसे. गिनीपिगच्याच रक्तात असे काय होते? हे कोडे आठ वर्षे तसेच राहिले.

जॉन ब्रूम या संशोधकाने १९६१ मध्ये ते सोडवले. गिनीपिगच्या रक्तात ॲस्परॅजिनचे विघटन करणारे 'ॲस्परॅजिनेज' हे विकर असते, ही नोंद १९२२ मध्येच झालेली होती. ॲस्परॅजिन नसलेल्या द्रवात वाढू शकणाऱ्या पेशींवर मात्र गिनीपिगच्या रक्ताचा परिणाम होत नाही, असे ब्रूम यांना आढळले. या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या. ते विकर रक्तातील ॲस्परॅजिन नष्ट करते आणि त्या कर्करोग पेशी ॲस्परॅजिनवाचून मरतात, हा त्यांचा निष्कर्ष होता.

आता ईगलची यादी आठवावी. निरोगी पेशीला ॲस्परॅजिन बाहेरून मिळाले नाही तरी फारसे अडत नाही. ती ते घरी बनवते. पण लसिकापेशींच्या तीव्र रक्त-कर्करोगात रोगट पेशींपाशी ते बनवणारे विकर पुरेसे नसते. तो मणी त्यांना रक्तातूनच उचलावा लागतो. रक्तातील ॲस्परॅजिन नाहीसे केले, तर निरोगी पेशी तग धरतील आणि रोगट पेशी शिस्तीच्या मृत्यूला सामोऱ्या जातील. रोगाची दुर्बल जागा सापडली होती.

गिनीपिगच्या रक्तातून औषध काढणे व्यवहार्य नव्हते. ई. कोलाय या जिवाणूतील ॲस्परॅजिनेजही तेच काम करते, हे १९६४ मध्ये दिसून आले. त्यानंतर हे विकर जिवाणूंपासून मोठ्या प्रमाणात मिळवता येऊ लागले आणि बालकांच्या उपचारात त्याचा समावेश झाला.

अड्यार आणि परळ

हे औषध भारतातील बालकांपर्यंत शिस्तबद्ध रीतीने पोचवण्यात ज्या संस्थांचा वाटा आहे, त्यांतील एक चेन्नईतच आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये अड्यार येथे कर्करोग संस्था सुरू झाली. आरंभी तेथे केवळ बारा खाटा होत्या. पुढील वर्षी डॉ. व्ही. शांता तेथे रुजू झाल्या आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी आपले आयुष्य त्या संस्थेला वाहिले. दुसरी संस्था मुंबईत परळ येथे आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे कोकणापासून विदर्भापर्यंतचे रुग्ण जातात.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयान मॅग्रॅथ आणि भारतीय डॉक्टर यांनी मिळून रक्ताच्या तीव्र कर्करोगासाठी 'एमसीपी-८४१' ही उपचारपद्धती आखली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे ती वापरण्यात आली. मुंबईत डॉ. सुरेश अडवाणी आणि चेन्नईत डॉ. शांता यांचा या कामात पुढाकार होता. उपलब्ध साधनांत परवडेल आणि सर्वत्र एकसारखी पाळता येईल अशी ही पद्धत होती. तिच्यातील अनेक औषधांपैकी एक ॲस्परॅजिनेज होते. पूर्वीच्या तुलनेत बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. वीस वर्षांच्या या अनुभवाचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

अनेक औषधे एकत्र का द्यावी लागतात, याचे उत्तरही पेशीच्या स्वभावात आहे. काही रोगट पेशी टंचाईची खबर ऐकून ॲस्परॅजिन बनवणारे जनुक जागे करतात आणि निसटतात. काहींना अस्थिमज्जेतील शेजारच्या पेशी ॲस्परॅजिन पुरवतात. म्हणून एकाच मार्गाने हल्ला करून चालत नाही. शिवाय ॲस्परॅजिनेज हे परके प्रथिन असल्याने काही मुलांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. स्वादुपिंडाला सूज येणे, रक्ताच्या गुठळ्या होणे असेही धोके असतात. ॲलर्जी झाल्यास अर्विनिया या दुसऱ्या जिवाणूपासून मिळवलेले विकर देता येते. या सर्वांसाठी वारंवार तपासण्या कराव्या लागतात आणि संपूर्ण उपचार दोन-तीन वर्षे चालतो.

येथे विज्ञानाची गाठ संसाराशी पडते. ज्यांचे हातावर पोट आहे, अशा कुटुंबाला गुम्मिडिपूंडीहून अड्यारला किंवा खेड्यातून परळला पुन्हापुन्हा जाणे म्हणजे दर खेपेला रोजगार बुडवणे होय. मूल थोडे सावरले, ताप उतरला, की 'आता बरे झाले' असे वाटून उपचार मध्येच सोडले जातात. परंतु दिसेनाशा झालेल्या रोगट पेशी पूर्णपणे संपलेल्या नसतात. अर्धवट सोडलेला उपचार हे रोग उलटण्याचे एक मोठे कारण आहे.

उपाशी कोणाला ठेवायचे?

कर्करोगाविषयी एक गैरसमज अनेक ठिकाणी आढळतो. 'रोग्याला खायला घातले की गाठ वाढते. म्हणून त्याला उपाशी ठेवावे' असे काही जण मानतात. कोणी डाळ बंद करतात, कोणी दूध-अंडी वर्ज्य करतात. पेशी उपासमारीने मरते, हे अर्धवट कळल्यावर हा समज अधिकच खरा वाटण्याचा संभव असतो. म्हणून त्यातील चूक नीट समजून घेतली पाहिजे.

शरीर उपाशी राहिले म्हणजे रोगट पेशी उपाशी राहिली, असे होत नाही. अन्न बंद झाले की शरीर आपल्या स्नायूंतील प्रथिने मोडते आणि त्यांतील अमिनो आम्ले रक्तात सोडते. रक्तातील पातळी कशीबशी टिकून राहते. मूल मात्र वाळत जाते. म्हणजे मुलाच्या दंडातील मांस झडून त्यावर रोगट पेशींचेही पोषण होते. शिवाय ॲस्परॅजिन शरीर स्वतःच बनवते. त्यामुळे एखादी भाजी किंवा डाळ ताटातून काढल्याने ते रक्तातून नाहीसे होत नाही. ते काम विकरच करू शकते. ते एका विशिष्ट रेणूपुरती टंचाई निर्माण करते. ती टंचाई निरोगी पेशीला सोसते, रोगट पेशीला सोसत नाही.

उलट, कुपोषित मुलाला औषधांचा मारा सहन होत नाही, संसर्ग लवकर गाठतो, आणि उपचार थांबवावे लागतात. म्हणून उपचार चालू असताना काय खावे, काय टाळावे, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. पेशीला उपाशी ठेवण्यासाठी मुलाला उपाशी ठेवावे लागत नाही.

समारोप

पेशी उपासमारीला लगेच शरण जात नाही. खबर मिळताच ती वाढ थांबवते, मग आपलेच जुने सामान मोडून दिवस काढते, आणि शेवटी इतर पेशींना इजा न करता निघून जाते. या प्रत्येक वळणावर अमिनो आम्लांची उपस्थिती किंवा अनुपस्थिती तिला वाट दाखवते. शतावरीच्या कुळातील भाजीचा रस, गिनीपिगचे रक्त, बाटलीत वाढवलेल्या पेशी आणि दूरच्या बेटावरील माती यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कोणालाही वाटले नसते. त्या सर्वांच्या अभ्यासातून भुकेल्या पेशीचा निर्णय उलगडला. अड्यारला किंवा परळला सुईची वाट पाहत बसलेल्या बालकाला या शोधांची नावे ठाऊक नसतात. त्याच्या आईवडिलांना दोनच गोष्टी ठाऊक असल्या तरी पुरे: उपचार शेवटपर्यंत घ्यायचा, आणि मुलाला पोटभर जेवू घालायचे.

शब्दार्थ

उमगणे – समजणे, ध्यानात येणे
विपुल – भरपूर
वर्दी – सूचना, खबर
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
ऱ्हास – हळूहळू होणारी घट
दाह – आग होणे, सूज व लाली येणे
वर्ज्य करणे – टाळणे, सोडून देणे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहा.
(अ) मानवी शरीराला किती अमिनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात?
(आ) 'रापामायसिन' हे नाव कशावरून पडले?
(इ) जॉन ब्रूम यांनी कोणते कोडे सोडवले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) भट्टीच्या उदाहरणातील तीन पायऱ्या आणि भुकेल्या पेशीच्या तीन पायऱ्या यांतील साम्य स्पष्ट करा.
(आ) अपघाती पेशीमृत्यू आणि नियोजित पेशीमृत्यू यांतील फरक सांगा.
(इ) ॲस्परॅजिनेजमुळे निरोगी पेशी वाचतात, पण रोगट पेशी मरतात, असे का होते?

३. 'रोग्याला उपाशी ठेवले की कर्करोग उपाशी राहतो' हे मत चुकीचे का आहे, ते आपल्या शब्दांत एखाद्या शेजाऱ्याला समजावून सांगत आहात अशी कल्पना करून दहा-बारा ओळी लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
तग धरणे, हाकेला ओ देणे, पारडे जड होणे, हातावर पोट असणे

५. 'पेशीमृत्यू' आणि 'आईवडील' या शब्दांचा विग्रह करून समासाचा प्रकार ओळखा.